फॅरिंग्डन रोडवरची पाटी

८ सप्टेंबर, रात्री

दुपारी डबा संपवून पाय मोकळे करायला लंडनच्या फॅरिंग्डन रोडवर गेलो. ६१ नंबरच्या इमारतीवर एक पाटी आहे: ८ सप्टेंबर १९१५ च्या झेपेलिन हल्ल्यात ही जागा पूर्ण उद्ध्वस्त झाली, १९१७ ला पुन्हा बांधली. तीन वर्षं तिच्याखालून जातोय. आज तारीख जुळली म्हणून थबकलो.

हल्ला करणाऱ्या एल १३ या झेपेलिनचा, म्हणजे जर्मनांच्या अवाढव्य हवाई जहाजाचा, कमांडर हाइनरिख माथी. मॅनहाइमचा, जर्मन नौदलातला, आधी टॉर्पेडो बोटींवर. वय ३२. त्या एका रात्रीत २२ माणसं मेली, पाच लाख पौंडांहून जास्त नुकसान झालं. ३०० किलोचा एक बॉम्ब बार्थोलोम्यू क्लोजमध्ये पडला, इथून चालत जाण्याइतका जवळ. जर्मनीत माथी हिरो झाला. इथले लोक झेपेलिनवाल्यांना बाळांचे मारेकरी म्हणायचे, आणि त्यात चूक काय होतं?

वर्षभरात फासे फिरले. ब्रिटिश वैमानिकांना पेट घेणाऱ्या गोळ्या मिळाल्या, आणि झेपेलिनच्या पोटात हायड्रोजनच हायड्रोजन, तोही गुरांच्या आतड्यांच्या पापुद्र्यापासून केलेल्या पिशव्यांत भरलेला. २३ सप्टेंबर १९१६ च्या रात्री एल ३२ आणि एल ३३ ही दोन झेपेलिनं पाडली गेली. माथी नव्या, जवळजवळ दोनशे मीटर लांबीच्या एल ३१ मधून त्याच रात्री लंडनवर होता. सर्चलाइटवाल्यांचे डोळे दिपवायला त्याने प्रकाशगोळे टाकले आणि सुखरूप परतला.

जेमतेम आठवड्याने तो पुन्हा निघाला. मी अडकतो ते इथेच. एल ३२ चं काय झालं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

१ ऑक्टोबरला, मध्यरात्रीच्या सुमारास, लंडनच्या उत्तरेला पॉटर्स बार गावावर ब्रिटिश वैमानिक वुल्स्टन टेम्पेस्टने त्याला गाठलं. टेम्पेस्टचा पेट्रोलचा पंप बिघडलेला, एका हाताने पंप मारत मारत त्याने गोळ्या झाडल्या. एल ३१ पेटलं. १९ जण होते, एकही वाचला नाही. माथीने पॅराशूटशिवाय उडी मारली. शेतातल्या मातीत त्याच्या देहाचा ठसा उमटला होता. त्या ठशाचा फोटो पाहिला आणि मघाशी मोजलेली २२ माणसं क्षणभर विसरलो. स्वतःचा रागच आला.

पाटीचा फोटो आईला पाठवला होता. तिचा मेसेज आला, "झेपेलिन म्हणजे काय रे?"

"मोठा फुगा" असं टाइप केलं, मग खोडलं. अजून उत्तर दिलेलं नाही.