वहीतली चौथी भाकरी

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, एका फाउंड्रीत मोल्डिंगला असलेले दादा तिसऱ्यांदा आले ते बायकोला घेऊनच. दोन महिने माझा आहारतक्ता पाळून वजन उतरायचं सोडून दोन किलो चढलं होतं.

"ह्यांचा तोंडावर ताबाच न्हाई मॅडम," वहिनी म्हणाल्या. माझंही मत तेच. मागच्या खेपेला तसं बोलूनही दाखवलं होतं.

दादांनी मुकाट्यानं खिशातली वही पुढे सरकवली. खाल्लेलं सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं, पानांच्या कडांना मोल्डिंगच्या काळ्या वाळूचे ठसे. मी भाकऱ्या मोजत गेले. दिवसपाळीच्या आठवड्यात दोन, दोन, दोन. रात्रपाळी लागली की चार. शिवाय पहाटे तीनला वडापाव, सकाळी घरी जाताना मिसळ आणि वर जादाचा कट.

"झोप किती होते?" हे मी तिसऱ्या भेटीत विचारत होते!

"चारेक तास. मग भांडी, मिक्सर, पोरांचा दंगा."

तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. भुकेची दोन हार्मोन्स: चरबीच्या पेशींतलं लेप्टिन मेंदूला 'साठा आहे' म्हणून कळवतं, जठरातलं घ्रेलिन 'खायला आण' म्हणून ओरडतं. शिकागोतल्या 2004 च्या एका अभ्यासात 12 निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. दहा तास झोपू दिलं होतं त्या वेळेपेक्षा लेप्टिन 18 टक्क्यांनी कमी भरलं, घ्रेलिन 28 टक्क्यांनी जास्त. ओढही वाढली ती गोड, खारट, पिठूळ खाण्याची. वडापाव आणखी काय असतो? अभ्यास छोटा, माणसं बाराच, आणि कटाचा मोह कोल्हापूरकराला भरल्यापोटीही होतोच. पण वहीतल्या चार भाकऱ्यांना नुसतं 'ताबा नाही' म्हणणं मला आता जमेना.

"सुट्टीलाबी तीनला जाग येती, पोटात नुसतं कालवतंय," दादा म्हणाले. तेही खरंच. जेवायची वेळ अंगवळणी पडली की घ्रेलिन त्याआधीच चढायला लागतं.

तक्ता बाजूला ठेवून मी झोप लिहून दिली. खिडकीला जाड चादर, मिक्सर दुपारी चारनंतर, पाळीवर डब्यात भाकरी-उसळ.

वहिनींनी कागद उलटापालटा केला. "गोळ्या न्हाईत?"

"नाहीत."

दादा दारातून मागं वळले. "आणि मिसळ?"

"खावा. कट एकदाच."