सोलापूरच्या उन्हात जुने पेपर

इंग्रजी अमदानीतला अंक हाती आला की आधी शेवटच्या पानाचा तळ पाहा. 1867 च्या कायद्याने प्रत्येक अंकावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण छापणं सक्तीचं होतं. ती ओळ दिसली नाही तर बहुतेक वेळा पान गहाळ असतं. मग वार-तारखेचा मेळ घाला. केसरीचा पहिला अंक 4 जानेवारी 1881 चा, मंगळवारचा. अशा गाजलेल्या अंकांच्या स्मरणिका म्हणून नव्याने छापलेल्या प्रती निघतात आणि रद्दीच्या ढिगात त्याही सापडतात. खोलीत अंधार करून टॉर्च कागदाला लागून आडवी धरा: खिळ्यांची, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांची, छपाई असेल तर पाठीमागे अक्षरांचे उठाव दिसतात, ऑफसेटचा, म्हणजे हल्लीच्या छपाईचा, कागद सपाट राहतो. जुन्या शिळाप्रेसचं, म्हणजे दगडावरून छापलेलं, कामही सपाटच असतं, त्यामुळे एवढ्यावरच अंक खोटा ठरवू नका.

सोलापूरकर संग्राहकाची खरी पंचाईत कागदाची. इथे सगळ्यांना हवे असतात ते मे 1930 मध्ये सोलापुरात लागलेल्या मार्शल लॉचे आणि 12 जानेवारी 1931 ला धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना फाशी झाली त्या सुमाराचे अंक. नेमका तोच कागद सर्वांत कच्चा. 1850 च्या आसपासचा चिंध्यांचा कागद अजून लवचीक असतो. 1930 चा लाकडाच्या लगद्याचा, त्यात आम्ल तयार होत जातं आणि घडीवर तो पापडासारखा तुटतो. कोपरा दुमडून ‘ताकद’ पाहण्याची सवय असेल तर ती सोडा. घडीत तपकिरी चुरा दिसला की समजायचंच.

असा अंक मे महिन्याच्या कोरड्या दुपारी उघडू नये. झाकणाच्या मोठ्या डब्यात तळाशी ओला टॉवेल, त्यावर जाळी, जाळीवर घडीसकट अंक. टॉवेल कागदाला शिवता कामा नये. चार-सहा तास ठेवा, दर तासाला बोटाने पाहा. घडी आपणहून सैल पडली की काढा. रात्रभर विसरलात तर बुरशी. जांभळा रबरी शिक्का किंवा पेनची शाई असेल तर हा प्रयोग नको, ती पसरते. उघडलेलं पान टिपकागदांच्या मध्ये, वर काच ठेवून दोन दिवस. टिपकागद मधून बदलायचे.

फाटलेल्या जागी सेलोटेप कधीच नाही. काही वर्षांत तिचा डिंक तपकिरी होऊन कागदात मुरतो आणि मग निघत नाही. पातळ जपानी टिश्यूची पट्टी आणि गव्हाची खळ घ्या. कुरडईला काढतो तोच चीक, फक्त मीठ-हिंगाशिवाय: एक भाग चीक, चार-पाच भाग पाणी, पारदर्शक होईपर्यंत मंद आचेवर घोटून गाळायचा. लावताना आणखी पाणी घालून ताकासारखा पातळ करा. बाइंडर लोक कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) टाकतात. वह्यांना चालत असेल, इथे नको. तांब्यामुळे कागद लवकर जळतो.

ठेवताना अंक आडवा, गुंडाळी नाही. आम्लरहित फोल्डर किंवा पॉलिएस्टरची फिल्म चालते, पीव्हीसीची पिशवी आणि लॅमिनेशन नाही. कपडा वापरायचा तर मांजरपाट, तोही दोन-तीनदा धुऊन खळ पूर्ण काढलेला. आपल्या गावात कोऱ्या कापडाला खळीची कमी नाही, आणि कसरीला तीच आवडते. कपाट पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला नको, पत्र्याखालच्या खोलीत तर नकोच.

कसर दिसलीच तर अंक पिशवीत हवाबंद करून उणे 18 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर बाहेरची वाफ थेट कागदावर पाणी होऊन बसते.

आणि परदेशातून कुणी गिऱ्हाईक आलं तर घाई नको. 1972 च्या पुरावशेष कायद्यात ऐतिहासिक मूल्याचा 75 वर्षांपेक्षा जुना दस्तऐवज येतो; तो खासगी माणसाला देशाबाहेर धाडता येत नाही, केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली संस्थाच परवान्याने धाडू शकते.