साम्ये लिंग: स्कॉटलंडच्या आडरानातला तिबेटी मठ

ग्लासगोहून रेल्वेने लॉकरबीला पोहोचायला साधारण तासभर लागतो. खरी अडचण पुढे आहे. मठ ज्या गावात आहे त्या एस्कडेलम्यूरची बस दिवसातून मोजक्याच वेळा सुटते, तेव्हा आधी बसचं वेळापत्रक बघा आणि मगच रेल्वेचं तिकीट काढा. टॅक्सी हवी तर आदल्या दिवशीच सांगून ठेवा. वाटेत मेंढ्यांची कुरणं आणि पाऊस, दुसरं काही नाही. मग अचानक झाडांआडून पांढऱ्या स्तूपाचा सोनेरी कळस वर येतो.

चोग्याम त्रुंगपा आणि अकोंग रिनपोछे या दोन निर्वासित लामांनी १९६७ साली इथल्या जॉन्स्टन हाऊसमध्ये केंद्र सुरू केलं. पाश्चात्त्य देशांतल्या अगदी सुरुवातीच्या तिबेटी बौद्ध केंद्रांपैकी हे एक. इंग्लिश रॉक गायक डेव्हिड बोवी इथे येऊन गेला होता, हे कुणी ना कुणी ऐकवतंच. मला मात्र अकोंगांचीच गोष्ट मोठी वाटते: भारतातून इंग्लंडला गेल्यावर त्यांनी ऑक्सफर्डच्या इस्पितळात वॉर्डबॉयचं काम केलं होतं.

इगतपुरीच्या विपश्यनेतली शांतता डोक्यात ठेवून गेलात तर ढोल-झांजांनी दचकाल. संध्याकाळची प्रार्थना चुकवू नका. ती चेनरेझिगची, म्हणजे अवलोकितेश्वराची. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी तो हाच. पोथीत वर तिबेटी ओळ, खाली रोमन लिपीत तिचा उच्चार आणि त्याखाली इंग्रजी अर्थ. शेजारची पिकल्या केसांची स्कॉटिश बाई पोथीकडे न बघता म्हणत होती. मी दुसऱ्याच पानावर मागे पडलो! पोथी जमिनीवर ठेवायची नाही आणि मूर्तीकडे पाय करून बसायचं नाही, हे आपल्याला सांगावं लागत नाही.

राहायचं तर आधी बुकिंग करा. जेवण शाकाहारी, दारूला सक्त मनाई. बूट बाहेर काढायचे असल्याने जाड मोजे हवेतच. उन्हाळ्यात 'मिज' नावाच्या चिलटांचा भयंकर त्रास, त्यामुळे मलम न्याच. मोबाईलच्या भरवशावर राहू नका.

हाताशी वेळ असेल तर अॅरन बेटाजवळचं होली आयल हे छोटं बेटही बघा. तेही याच मंडळींचं आहे, १९९२ मध्ये घेतलेलं. पण ते या रस्त्यावर नाही. आधी फेरीबोटीने अॅरनला जायचं, मग लॅमलॅशहून छोटी बोट. तीही हवा बिघडली की बंद.