ताप येईलच असं नाही

"ताप नाही म्हणून गप्प बसू नका हं." आईच्या खुब्याच्या ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या आणि ते वाक्य दिवसभर डोक्यातून जातच नाहीये.

आईला संधिवातासाठी स्टेरॉइड चालू, वर शुगर. भुलीसाठी पाठीत देतात त्या इंजेक्शनने मणक्यात इन्फेक्शन होणं तसं फारच दुर्मिळ, पण प्रतिकारशक्ती कमी असली की धोका वाढतो, आणि एपिड्युरलची नळी, म्हणजे औषध सोडत राहायला पाठीत घालतात ती बारीक नळी, दोन-तीन दिवस ठेवली तर अजून, म्हणून एकाच इंजेक्शनवर भागवू म्हणाल्या.

स्टेरॉइडमुळे ताप दबू शकतो. म्हणजे पाठ जास्त दुखली, पाय जड पडले तर लगेच सांगायचं. पण आमची आई! पाठ काय रोजच दुखते म्हणेल आणि अंगावर काढेल. आत्ता तिसऱ्यांदा विचारून आले, पाय हलतायत ना गं नीट?