कोड तोच, कंपाइलर नवा

कॅल्क्युलिक्स म्हणजे यंत्रांच्या भागांवरचा ताण, कंपनं वगैरे मोजणारं मुक्त सॉफ्टवेअर. मी त्याचं पॅकेज सांभाळते म्हटलं की लोकांना वाटतं, सॉल्व्हर, म्हणजे गणित सोडवणारा भाग, मीच लिहिते. छे! सॉल्व्हर गिडो डोंट यांचा, मेश (भागाचे छोटे तुकडे पाडलेली जाळी) बनवणारा आणि निकाल दाखवणारा भाग क्लाउस विटिग यांचा. दोघंही म्युनिकच्या एमटीयू या विमान-इंजिनांच्या कंपनीतले. माझं काम एवढंच, की तो कोड उबुंटू लिनक्सवर एका कमांडीत बसावा आणि बसल्यावर उत्तर बरोबर द्यावा. भोसरी-चाकणकडचे काही छोटे डिझाइनवाले माझं पॅकेज वापरतात. इनपुट फाइलची धाटणी अबॅकस या व्यावसायिक सॉफ्टवेअरची आहे, त्यामुळे कॉलेजात शिकलेलं वाया जात नाही.

कटकट सॉल्व्हरची कमी, तो ज्यांच्या जिवावर चालतो त्यांची जास्त. स्पूल्स २.२ ही समीकरणं सोडवणारी लायब्ररी १९९९ ची. तिच्या एका मेकफाइलमध्ये (सोर्स कोड बिल्ड कसा करायचा, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्राम कसा बनवायचा, हे सांगणारी फाइल) ‘ड्रॉट्री डॉट सी’ असं फाइलचं नाव आहे. प्रत्यक्षात फाइल आहे ‘ड्रॉ डॉट सी’. ज्याने ज्याने ती मुळापासून बिल्ड केली, त्याने ही एक ओळ हाताने सुधारली आहे. माझ्या पॅच-यादीत पहिला पॅच तोच. आर्पॅक या कंपनांच्या गणिताला लागणाऱ्या लायब्ररीचं नशीब बरं. मूळ प्रकल्प थंडावल्यावर डेबियन, ऑक्टेव्ह आणि सायलॅब या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांची मंडळी एकत्र आली आणि आर्पॅक-एनजी उभं राहिलं. स्पूल्सला असं कुणी भेटलं नाही.

मग २०२० मध्ये जीसीसी १० आलं. जीसीसी हा कंपाइलर, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारं साधन. फोर्ट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत एकच सबरूटीन (पुन्हा पुन्हा बोलवायचा कोडचा तुकडा) एकीकडे अ‍ॅरे (संख्यांची यादी) देऊन आणि दुसरीकडे साधी संख्या देऊन बोलवायची जुनी सवय. तोवर कंपाइलर नुसता कुरकुरायचा, आता थेट एरर. ‘आर्ग्युमेंट मिसमॅच चालू दे’ असा एक फ्लॅग (कंपाइलरला द्यायची सूचना) लावला की बिल्ड होतं. मीही लावते, पण तो तोंड बंद करण्याचा उपाय आहे, दुरुस्ती नव्हे. जीसीसी १४ ने हाच हिसका जुन्या सी कोडला दाखवला.

आणखी एक गंमत. मेकफाइल ‘डेट डॉट पीएल’ नावाची छोटी पर्ल स्क्रिप्ट चालवते आणि ती बिल्डची तारीख थेट सोर्समध्ये लिहून टाकते. प्रोग्राम सुरू होताना ‘हा अमुक दिवशी बनवलेला आहे’ असं छापून येतं ते त्यामुळे. वापरणाऱ्याला बरं वाटतं. मला मात्र त्याच सोर्सपासून दोनदा बिल्ड केल्यावर दोन वेगळ्या बायनरी (तयार प्रोग्रामच्या फाइली) मिळतात. म्हणून तिथे मी सोर्सचीच ठरलेली तारीख घालते.

खरा वेळ जातो टेस्टमध्ये. मूळ संचात शेकडो छोटी मॉडेलं आहेत, सोबत प्रत्येकाचं अपेक्षित उत्तर. फरक दिसला की तो कसला, हे माणसानेच बघायचं. कंपनाच्या मॉडेलमध्ये मोड शेपचं (कंपताना भाग कसा वाकतो त्या आकाराचं) चिन्ह उलटं आलं तर बिघडलं काहीच नाही. बीम वर वाकलेला दाखवला काय नि खाली काय, मोड तोच. सममित भागात दोन वारंवारता सारख्या असतील तर मोडच वेगळे निवडले जातात. पण साध्या स्थिर भाराखाली विस्थापन हललं, तर मी ती आवृत्ती सोडत नाही. मग कुणी कितीही घाई करो.

मागे एका वर्कशॉपमधल्या मुलाचा फोन आला.

“मॅडम, जुनी ब्रॅकेटची फाइल परत चालवली. स्ट्रेसचा सहावा अंक बदललाय.”

“मशीन तेच का?”

“नाही, नवीन घेतलंय. सोळा थ्रेडवर लावलं.”

“एका थ्रेडवर लावून बघ.”

काम अनेक थ्रेडवर, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या हिश्श्यांत वाटलं की बेरजेचा क्रम बदलतो आणि शेवटचे अंक हलतात, हे त्याला समजावलं. पण त्याचा पुढचा प्रश्न चोख होता: ग्राहकाला दिलेला जुना रिपोर्ट जसाच्या तसा पुन्हा काढायचा झाला तर?

मूळ मेकफाइल बायनरीच्या नावातच आवृत्ती ठेवते, सीसीएक्स_२.२० असं (सीसीएक्स हे सॉल्व्हरचं छोटं नाव). पूर्वी मला तो आकडा नावात नकोसा वाटायचा. आता तो तसाच ठेवते, जुनी आवृत्ती न काढता नवी शेजारी बसवते, आणि रिपोर्टमध्ये आवृत्तीबरोबर थ्रेडची संख्याही लिहायला सांगते. डिस्कवर थोडी जास्त जागा जाते, जाऊ दे.