रेब्बेंची पुस्तके आणि त्यांचा मालक

यहुदी धर्मातील हसिदी या भक्तिपंथाचे प्रवर्तक बाल शेम तोव यांनी स्वतः एकही ग्रंथ लिहिला नाही. १७६० मध्ये ते निवर्तल्यावर वीस वर्षे त्यांची वचने शिष्यांच्या तोंडी आणि हस्तलिखितांतूनच फिरत होती. १७८० साली आजच्या युक्रेनमधील कोरेत्स या गावी त्यांचे शिष्य याकोव योसेफ यांचा ‘तोलदोत याकोव योसेफ’ छापून निघाला, तो या पंथाचा पहिला छापील ग्रंथ. ‘हे मी माझ्या गुरूंकडून ऐकले’ असे म्हणत लेखक त्यात जागोजागी गुरुवचने नोंदवतो आणि त्याच दमात समकालीन पंडितांवर कडक टीकाही करतो. त्यामुळे विरोधक खवळले, १७८१ मध्ये व्हिल्ना (आजचे लिथुआनियातील व्हिल्नियस) येथे हसिदांवर पुन्हा बहिष्कार पुकारला गेला आणि ग्रंथाच्या प्रती जाळल्या गेल्याचेही सांगितले जाते.

या पहिल्या आवृत्त्या आज दुर्मीळ आहेत, पण त्याला केवळ अशा होळ्या कारण नाहीत. ही पुस्तके कपाटात ठेवण्यासाठी नव्हतीच. रोजच्या पठणात हाताळून ती झिजली. १८३६ मध्ये झारच्या सरकारने मोजके अपवाद वगळता सर्व हिब्रू छापखाने बंद केले, आणि पुढे नाझींनी वाचकांसह पुस्तकेही संपवली. म्हणूनच, १७९६ मध्ये स्लावुता येथे मुखपृष्ठावर लेखकाचे नाव न घालता छापलेल्या ‘तान्या’ या हसिदी ग्रंथाची जुनी प्रत जेव्हा समोर येते, तेव्हा ती कोणाच्या हातांतून आली, हा प्रश्न मला मजकुराइतकाच महत्त्वाचा वाटतो. श्रद्धाळू हसिदाला तर रेब्बेंनी, म्हणजे आपल्या शाखेच्या धर्मगुरूंनी, हाताळलेली प्रत ही निव्वळ वस्तू वाटतच नाही.

पण रेब्बेंच्या पुस्तकांचा मालक कोण? ‘तान्या’चे लेखक श्नेऊर झल्मान यांच्या खबाद शाखेत (मुंबईकरांना ती कुलाब्याच्या छबाड हाऊसमुळे ठाऊक आहे) हा प्रश्न दोनदा न्यायालयात गेला. पाचवे रेब्बे शालोम दोव बेर यांनी १९१५ मध्ये युद्धामुळे लुबाविच हे शाखेचे रशियातील गाव सोडताना सुमारे बारा हजार पुस्तके मॉस्कोच्या गोदामात ठेवली. क्रांतीनंतर ती सरकारजमा होऊन लेनिन ग्रंथालयात गेली. ती परत द्यावीत, असा निकाल अमेरिकी न्यायालयाने २०१० मध्ये दिला आणि २०१३ मध्ये रोज पन्नास हजार डॉलर दंडही ठोठावला, पण रशियाने तो मानला नाही.

मला अधिक गुंतवून ठेवतो तो ब्रुकलिनचा घरगुती खटला. सहावे रेब्बे योसेफ यित्झाक १९५० मध्ये वारले. त्यानंतर पस्तीस वर्षांनी त्यांच्या ग्रंथालयातून शेकडो पुस्तके नाहीशी झाल्याचे उघडकीस आले. ती त्यांच्या नातवाने नेली होती व काही विकलीही होती. आजोबांची मालमत्ता वारसाहक्काने कुटुंबाची, असे त्याचे म्हणणे होते. हसिदांच्या बाजूने १९४६ चे एक पत्र पुढे आले. त्यात रेब्बेंनी न्यूयॉर्कमधील ग्रंथपाल अलेक्झांडर मार्क्स यांना, युरोपात अडकलेली पुस्तके सोडवण्यासाठी साहाय्य मागताना, ती खबाद समाजाच्या संस्थेची असल्याचे स्पष्ट लिहिले होते. पुस्तके हाती यावीत म्हणून केलेली ही बतावणी होती, असा युक्तिवाद प्रतिपक्षाने केला. धर्मगुरूंना खोटे ठरवूनच हक्क सिद्ध करायचा, हा त्यातला पेच माझ्या मते त्या बाजूला भोवला. न्यायाधीश चार्ल्स सिफ्टन यांनी पत्र प्रामाणिक मानले आणि ६ जानेवारी १९८७ रोजी निकाल समाजाच्या बाजूने दिला.

पत्राइतकीच हसिदांच्या लक्षात राहिली ती रेब्बेंच्या कन्या हाया मुश्का यांची साक्ष. हाया मुश्का या तेव्हाच्या, म्हणजे सातव्या रेब्बेंच्या पत्नी होत्या आणि वारसाहक्क सांगणारा त्यांचा सख्खा भाचा होता. पुस्तके कोणाची, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की ती हसिदांची, कारण त्यांचे वडीलच हसिदांचे होते.