खालून पडलेला उजेड

"तुमच्या त्या पाठीवरच्या खड्ड्यात बोट बुडवून बघावंसं वाटलं." मी घडवलेल्या पाठीचा फोटो टाकला, त्याखाली एकीने एवढंच लिहिलंय. बाकीच्यांनी छान म्हटलं, सुंदर म्हटलं, ते वाचलं आणि विसरूनही गेले. हे एक वाक्य मात्र सकाळपासून डोक्यातून जात नाही.

कारण तिथे खड्डा नाहीच. तिथे उंचवटा आहे.

थरावर थर देत तो वर आणलाय मी. गोणपाटावर मॉडेलिंग पेस्ट, म्हणजे अ‍ॅक्रिलिकमध्ये मिसळलेली संगमरवराची भुकटी. ती एकदम जाड लावली तर वाळताना तडकते. म्हणून पातळ हात द्यायचा, पुरता वाळू द्यायचा, मगच पुढचा. त्यावर मलमलीच्या पट्ट्या, सुरकुत्या पडल्या तशाच ठेवलेल्या. कमरेकडे वाळू. पालथं झोपलेल्या माणसाची पाठ, मणक्याच्या जागी खाली उतरत गेलेला जिना, आणि दोन खांद्यांच्या मधे फुगून वर आलेली ती जागा. तिच्या आत छोटा स्पीकर बसवलाय. त्यावर आबांच्या श्वासाची ध्वनिफीत चालू असते. तळवा टेकवला की थरथर लागते. सगळा खटाटोप त्या थरथरीसाठी होता.

आणि तिला दिसला खड्डा.

आधी राग आला. नीट बघतच नाहीत लोक, बोटाने वर सरकवतात आणि काहीतरी लिहून मोकळे होतात, असं मनात आलं. पण तसं असतं तर तिला बोट बुडवावंसं वाटलं नसतं. तिने बघितलं होतं, चांगलं थांबून बघितलं होतं. म्हणून तर जास्त लागलं.

दुपारी फोन उलटा धरून तोच फोटो पाहिला आणि उंचवटा टचकन वर आला. सरळ धरला, पुन्हा आत गेला. दिवा मी जमिनीवर ठेवला होता, मुद्दाम. झोपलेल्या माणसाच्या खोलीत उजेड खालूनच यावा असं हे काम मागत होतं. पण आपला मेंदू उजेड वरूनच येतो असं धरून चालतो. सूर्य वरच असतो ना. मग ज्याची वरची कड उजळ ते फुगीर, आणि ज्याची खालची कड उजळ ते खोलगट, असं तो परस्पर ठरवून टाकतो. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ साली नुसत्या छायांकित गोलांवर हे दाखवून दिलं होतं. चंद्रावरच्या विवरांचे फोटो उलटे धरले की टेकड्या दिसतात, तेही यामुळेच. खोलीत उभं राहून पाहणाऱ्याची अशी फसगत सहसा होत नाही. त्याला दोन डोळे असतात, मान जराशी हलली तरी उंच काय, खोल काय ते कळतं. फोटोला एकच डोळा.

कारण कळलं तरी मन शांत झालं नाही. उलट स्वतःची कीव यायला लागली. पोताचं काम करायचं आणि त्याची सपाट प्रतिमा लांबच्या लोकांना पाठवायची, हे कशासाठी करते मी? समोरून सारखा उजेड टाकला तर सगळं गुळगुळीत दिसतं. एका बाजूने तिरका टाकला तर पोत उठतो, संग्रहालयात चित्रांच्या भेगा तपासतात तसा, पण उठतो तोही सावल्यांच्याच जोरावर. वाळू बोटाला लागत नाही, थरथर पोचत नाही, श्वास तर नाहीच. ताई म्हणते, लोकांना घरी बोलाव, हात लावू दे. ताईला काय सांगायचं. आबांच्या श्वासावर कुणीही येऊन हात ठेवावा हे मला... ते राहू दे.

पुन्हा त्याच वाक्याशी येते. खड्ड्यात बोट बुडवून बघावंसं वाटलं.

मेरेट ओपेनहाइम या कलावतीने १९३६ मध्ये कप, बशी आणि चमचा केसाळ कातड्याने मढवला. तो आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. मी तो फक्त छापील फोटोत पाहिलाय. तरी पहिल्यांदा पाहिला तेव्हा ओठांवर ओले केस आल्यासारखं होऊन मी तोंड पुसलं होतं, खरोखर हाताने पुसलं होतं. स्पर्श माझ्यापर्यंत आला होता, तोही कागदावरून. तिच्या बोटापर्यंतही तो गेलाच ना? मी योजला होता तसा नाही, पण गेला. एखाद्या फोटोकडे याहून जास्त काय मागायचं, मला सांगता येत नाही.

चित्रकार माक्स अर्न्स्टने १९२५ च्या ऑगस्टमध्ये समुद्रकाठच्या एका खोलीतल्या लाकडी जमिनीवर कागद ठेवून वरून शिसं घासलं. लाकडाच्या रेषांतून जे उमटलं त्यात त्याला प्राणी दिसले, जंगलं दिसली. लाकडाच्या मनात जंगल होतं का, हे त्याने विचारलं नाही. हे मी दुसऱ्यांना किती उत्साहाने समजावते! वस्तूला बोलू द्या, हात सैल सोडा. आज माझ्या कामाने माझ्या माघारी काहीतरी वेगळं सांगितलं, तर मला एवढं का टोचावं?

टोचतं कारण तिचा खड्डा खरा वाटतो. आता फोटो सरळ धरला की मलाही आधी तोच दिसतो. तिथे कुणाचं तरी डोकं टेकलेलं असावं आणि ते आत्ताच उठून गेलं असावं, असा. मी श्वास भरलेली छाती घडवत बसले होते आणि उजेडाने तिथे रिकामी जागा दाखवली. दोन्ही आबांचंच आहे. हे लिहिताना हात थांबतोय, तरी लिहिते, कारण हे मला तिच्या वाक्याशिवाय दिसलं नसतं.

वरून उजेड टाकून दुसरा फोटो काढायचा आणि "हा बघा, उंचवटा आहे" असं तिला कळवायचं, हे संध्याकाळपर्यंत डोक्यात होतं. आता ते करावंसं वाटत नाही. तिला श्वासाची ध्वनिफीत पाठवेन, नुसती, फोटोशिवाय. ऐकताना हेडफोन लावा, एवढं सांगेन. आणि पुढच्या पाठीत खरोखरचा खड्डा करायचाय, गोणपाट आत ओढून, मागून टाके घालून. त्याच्या तळाशी स्पीकर बसतो का, ते उद्या मोजून बघते.